सेनेका फॉल्सचे वेस्लियन उपासनामंदिर : समाजसुधारणेच्या वास्तूचे जतन आणि त्यातील पेच

प्रास्ताविक

किल्ले, राजवाडे, लेणी, मंदिरे यांना ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाच्या विचारात सहज स्थान मिळते. त्यांचे महत्त्व त्यांच्या भव्यतेत, शिल्पकामात किंवा प्राचीनतेत असते आणि ते पाहणाऱ्याच्या नजरेत तत्काळ भरते. समाजसुधारणेच्या चळवळींशी निगडित वास्तूंची स्थिती निराळी असते. सुधारकांजवळ सामान्यतः पैसा नसतो, राजाश्रय नसतो आणि समाजाचा रोष मात्र असतो. त्यामुळे त्यांच्या सभा, शाळा आणि परिषदा उसन्या किंवा भाड्याच्या जागेत, साध्या विटामातीच्या इमारतींत भरतात. चळवळ पुढे जाते, इमारत मागे राहते आणि ती दुसऱ्याच्या मालकीची होते. शंभर-सव्वाशे वर्षांनी समाजाला त्या जागेचे स्मरण होते, तेव्हा मूळ वास्तू ओळखण्याच्या पलीकडे गेलेली असते.

अशा वेळी जतन नेमके कशाचे करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. वास्तूचे, घटनेचे, की घटनेच्या स्मृतीचे? अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील सेनेका फॉल्स या गावात १८४३ मध्ये उभारलेल्या वेस्लियन उपासनामंदिराचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. १९ व २० जुलै १८४८ रोजी येथे स्त्रियांच्या हक्कांसाठी अमेरिकेतील पहिली परिषद भरली. त्यानंतर या वास्तूची जी अवस्था झाली आणि तिच्या जतनासाठी जे परस्परविरोधी मार्ग अवलंबण्यात आले, त्यांचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

उपासनामंदिराची उभारणी : गुलामगिरीविरोधाचे अपत्य

१८२५ मध्ये ईरी कालवा पूर्ण झाल्यानंतर पश्चिम न्यूयॉर्कमधील शेतीप्रधान प्रदेशात व्यापार, गिरण्या आणि नवी वस्ती झपाट्याने वाढली. त्याबरोबरच धार्मिक पुनरुज्जीवनाच्या लाटाही या भागातून वारंवार गेल्या. मद्यपानबंदी, गुलामगिरीचे उच्चाटन, तुरुंगसुधारणा, स्त्रीशिक्षण अशा अनेक चळवळींना येथे कार्यकर्ते मिळाले. सेनेका नदीच्या काठचे, पाण्याच्या बळावर चालणाऱ्या गिरण्यांचे सेनेका फॉल्स हे गाव या वातावरणाचाच भाग होते.

मेथॉडिस्ट पंथाने आरंभी गुलामगिरीविरुद्ध कडक भूमिका घेतली होती. परंतु दक्षिणेकडील राज्यांत पंथाचा विस्तार होत गेला, तसतशी ती भूमिका सौम्य होत गेली. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या धर्मोपदेशकांना वरिष्ठांचा विरोध होऊ लागला. या तडजोडीस कंटाळून ऑरेंज स्कॉट आणि त्यांचे सहकारी मूळ पंथातून बाहेर पडले व १८४३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील युटिका येथे वेस्लियन मेथॉडिस्ट संघटनेची स्थापना झाली. सेनेका फॉल्समधील काही कुटुंबांनीही त्याच वर्षी जुन्या मंडळीतून बाहेर पडून स्वतंत्र वेस्लियन मंडळी स्थापन केली आणि वर्षअखेरीपूर्वी विटांचे एक साधे उपासनामंदिर उभे केले. त्याला ना उंच मनोरा होता, ना कोरीव काम. मात्र सुधारणावादी वक्त्यांना व्यासपीठ देण्याची तयारी या मंडळीने प्रारंभापासून दाखविली.

त्या काळी ही तयारी किती दुर्मिळ होती, हे गावातील दुसऱ्या एका घटनेवरून स्पष्ट होते. १८४३ च्या उन्हाळ्यात गुलामगिरीविरोधी वक्त्या अ‍ॅबी केली सेनेका फॉल्स येथे आल्या होत्या. त्यांच्या व्याख्यानाची सूचना गावातील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकांनी उपासनेच्या वेळी वाचून दाखविली नाही. याबद्दल ऱ्होडा बेमेंट या सभासद स्त्रीने त्यांना उघडपणे जाब विचारला. परिणामी तिच्यावर मंडळीच्या वडीलजनांपुढे रीतसर खटला चालला आणि तिला मंडळीतून काढून टाकण्यात आले. एका सभासद स्त्रीने प्रश्न विचारणे हाच जेथे अपराध ठरत होता, तेथे स्त्रियांच्या परिषदेला दार उघडून देणारी जागा मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती. १८४८ ची परिषद याच उपासनामंदिरात भरली यामागे असा पाच वर्षांचा पूर्वेतिहास होता.

१८४८ ची परिषद

९ जुलै १८४८ रोजी जवळच्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी पाच स्त्रिया चहाच्या निमित्ताने एकत्र आल्या. यजमान जेन हंट यांच्यासह ल्युक्रेशिया मॉट, त्यांची बहीण मार्था कॉफिन राइट, मेरी अ‍ॅन मॅक्लिन्टॉक आणि एलिझाबेथ केडी स्टॅन्टन या त्या स्त्रिया होत. स्टॅन्टन वगळता उर्वरित चौघींचा क्वेकर पंथाशी संबंध होता. या बैठकीतच परिषदेचा निर्णय झाला आणि दोन दिवसांत स्थानिक वृत्तपत्रात तिची सूचना छापून आली. अवघ्या दहा दिवसांत आणि ऐन सुगीच्या हंगामात भरलेल्या या परिषदेला सुमारे तीनशे लोक आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परिषदेच्या सकाळी मंदिराचे दार बंद आढळले आणि एका मुलाला खिडकीतून आत उतरवून ते उघडावे लागले, अशी आठवण चळवळीच्या इतिहासात नोंदविलेली आहे. पहिला दिवस केवळ स्त्रियांसाठी राखलेला होता. परंतु पुरुषही आलेले पाहून त्यांनी केवळ श्रोते म्हणून बसावे असे ठरले. दुसऱ्या दिवसाच्या सभेत स्त्रीने अध्यक्षस्थान स्वीकारावे की नाही याबद्दल संकोच होता, म्हणून ते ल्युक्रेशिया मॉट यांचे पती जेम्स मॉट यांना देण्यात आले. ज्या परिषदेने स्त्रीच्या समान हक्कांची घोषणा केली, तिला स्वतःच्या व्यासपीठावर स्त्री अध्यक्ष बसविण्याचे धैर्य होण्यास अद्याप अवकाश होता.

परिषदेपुढे मांडलेला जाहीरनामा १७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या धर्तीवर रचलेला होता. विवाहित स्त्रीचे मालमत्तेवरील व मिळकतीवरील हक्क, शिक्षण, व्यवसाय, घटस्फोट, धर्मसंस्थेतील स्थान यांविषयीच्या तक्रारी त्यात क्रमाने मांडल्या होत्या. मतदानाच्या हक्काची मागणी सर्वांत वादग्रस्त ठरली. तिला पाठिंबा देणाऱ्यांत गुलामगिरीतून पळून स्वतंत्र झालेले नेते फ्रेडरिक डग्लस प्रमुख होते. अखेरीस हा ठराव संमत झाला आणि ६८ स्त्रिया व ३२ पुरुष अशा शंभर जणांनी जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. परिषदेचा अहवाल रॉचेस्टर येथील डग्लस यांच्या छापखान्यात छापला गेला. तो अहवाल उपलब्ध आहे. स्वाक्षऱ्या असलेली मूळ प्रत मात्र सापडलेली नाही. मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० मध्ये अंमलात आली, तेव्हा स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी केवळ शार्लट वुडवर्ड हयात होत्या आणि प्रकृतीमुळे त्यांना मतदान करता आले नाही.

वास्तूचा विसर

१८७० च्या दशकाच्या आरंभी वेस्लियन मंडळी दुसऱ्या इमारतीत गेली आणि जुने उपासनामंदिर विकले गेले. त्यानंतरच्या सुमारे शंभर वर्षांत या वास्तूत नाट्यगृह, स्केटिंगचे सभागृह, चित्रपटगृह, मोटारविक्रीचे दुकान, कपडे धुण्याचे केंद्र आणि भाड्याच्या खोल्या असे अनेक उपयोग झाले. प्रत्येक नव्या मालकाने आपल्या गरजेनुसार फेरबदल केले. पुढची व मागची भिंत गेली, दारे-खिडक्या बदलल्या, अंतर्भागातील मूळ रचना नाहीशी झाली. अखेरीस मूळ बांधकामापैकी दोन्ही बाजूंच्या भिंतींचे काही भाग आणि छताच्या लाकडी सांगाड्याचा काही अंश एवढेच शिल्लक राहिले.

या काळात वास्तूचे महत्त्व कोणालाच ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. १९०८ मध्ये परिषदेच्या साठाव्या वर्षानिमित्त एलिझाबेथ केडी स्टॅन्टन यांची कन्या हॅरियट स्टॅन्टन ब्लॅच यांच्या पुढाकाराने इमारतीवर ब्राँझचा स्मृतिफलक बसविण्यात आला. परंतु फलक लागल्यानंतरही वास्तूची मोडतोड थांबली नाही. जागेची ओळख पटणे आणि जागेचे संरक्षण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फलक घटनेची आठवण देतो. पण मालकी, वापर आणि डागडुजीचा खर्च हे प्रश्न तो सोडवू शकत नाही. फलक लागला की कर्तव्य संपले, असा समज समाजात रूढ होण्याचा धोकाही त्यात असतो.

अमेरिकेतील संरक्षणविषयक धोरणही दीर्घकाळ राष्ट्रपुरुषांची निवासस्थाने, रणभूमी आणि स्थापत्यदृष्ट्या उत्तम इमारती यांनाच प्राधान्य देणारे होते. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा संरक्षण कायद्याने त्याची व्याप्ती वाढविली आणि १९७० च्या दशकातील स्त्रीचळवळीने स्त्रियांच्या इतिहासाची स्थळे शोधण्यास चालना दिली. १९७७ मध्ये ह्यूस्टन येथील राष्ट्रीय महिला परिषदेसाठी मशालदौडीचा प्रारंभ सेनेका फॉल्स येथून झाला. स्थानिक नागरिकांचे प्रयत्न आणि हे अनुकूल वातावरण यांच्या संयोगातून डिसेंबर १९८० मध्ये 'महिला हक्क राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान' स्थापन करणारा कायदा संमत झाला. १९८५ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने उपासनामंदिराची इमारत ताब्यात घेतली.

जतनाचे दोन प्रयोग

इमारत ताब्यात आली तेव्हा उद्यान सेवेपुढे तीन पर्याय होते. १८४८ चे मंदिर नव्याने बांधणे हा पहिला. परंतु त्या वेळच्या वास्तूचे संपूर्ण चित्र उपलब्ध नसल्याने असे बांधकाम बऱ्याच अंशी कल्पनेवर आधारलेले ठरले असते. दुसरा पर्याय इमारत आहे त्या स्वरूपात, म्हणजे नंतरच्या सर्व फेरबदलांसह, राखण्याचा होता. तसे केल्यास १८४८ चे मंदिर दिसलेच नसते. नंतरची भर काढून टाकून केवळ मूळ अवशेष उघडे करणे, हा तिसरा.

१९८७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आराखड्यांची स्पर्धा घेण्यात आली. तीत रे किनोशिता आणि अ‍ॅन विल्स मार्शल या दोन तरुण स्त्री वास्तुविशारदांचा आराखडा निवडला गेला. त्यांनी तिसरा पर्याय स्वीकारला. नंतरची भर काढण्यात आली, मूळ भिंतींचे व छताचे अवशेष मोकळ्या हवेत तसेच ठेवण्यात आले आणि शेजारी जाहीरनाम्याचा मजकूर व स्वाक्षरी करणाऱ्यांची नावे कोरलेली, वरून पाणी वाहणारी एक लांब भिंत उभारण्यात आली. १९९३ मध्ये हे स्मारक खुले झाले. यामागील भूमिका वैचारिकदृष्ट्या प्रामाणिक होती. जे उरले तेवढेच दाखवावे, जे गेले त्याचे सोंग आणू नये. आणि स्त्रियांच्या इतिहासाची जी उपेक्षा झाली, तिची खूण त्या भग्नतेतच दिसावी, असा तिचा आशय होता.

व्यवहारात मात्र अडचणी उद्भवल्या. मूळ विटा आणि लाकूड एका बंदिस्त इमारतीचे भाग होते. उघड्यावर राहण्यासाठी ते घडविलेले नव्हते. या प्रदेशातील हिवाळा कडक असतो. विटांत मुरलेले पाणी गोठते, प्रसरण पावते आणि पुन्हा वितळते. या चक्रामुळे वीट व चुन्याचा सांधा कमकुवत होतो. म्हणजे अवशेष प्रामाणिकपणे दाखविण्याच्या पद्धतीनेच त्यांची झीज वाढविली. दुसरी अडचण आकलनाची होती. भिंतींच्या तुकड्यांमधून येथे तीनशे लोक दाटीवाटीने बसले होते, वर सज्जे होते, दार बंद करून चर्चा झाली, याची कल्पना सर्वसामान्य अभ्यागताला येत नसे. सभागृहाचे महत्त्व त्याच्या आतल्या अवकाशात असते आणि नेमका तोच येथे नाहीसा झाला होता.

अखेर २००९ च्या सुमारास नव्याने काम हाती घेण्यात आले आणि जुलै २०११ मध्ये वास्तू पुन्हा खुली झाली. या वेळी मूळ भिंतींचे अवशेष सामावून घेत चारही बाजू बंद करण्यात आल्या व वास्तूला पुन्हा सभागृहाचे रूप आले. १८४८ च्या मंदिराची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा दावा यात नाही. जुन्या भागांना संरक्षण आणि सभागृहाचा अनुभव या दोन उद्दिष्टांचा मेळ घालण्याचा तो प्रयत्न आहे.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने सामान्य वास्तूंनाही कालांतराने सांस्कृतिक महत्त्व प्राप्त होऊ शकते हे मान्य केले आहे. नव्याने घातलेला भाग मूळ भागापासून ओळखता यावा, हा दंडकही तिने घालून दिला आहे. ऑस्ट्रेलियातील १९७९ च्या बुरा सनदेने सामाजिक मूल्य हा स्वतंत्र निकष म्हणून स्वीकारला. सेनेका फॉल्सचे उदाहरण या तत्त्वांच्या कसोटीस उतरते. परंतु केवळ तत्त्वनिष्ठा पुरेशी नसते, वास्तूचे द्रव्य आणि स्थानिक हवामान यांचाही विचार करावा लागतो, हेही त्यावरून दिसून येते.

स्मृती कोणाची?

वास्तूचे जतन झाले की तिच्याभोवती एक अधिकृत कथाही तयार होते. सेनेका फॉल्स हे अमेरिकन स्त्रीचळवळीचे उगमस्थान, ही कथा आज सर्वमान्य आहे. इतिहासकार लिसा टेट्रॉल्ट यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या मान्यतेची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते, यादवी युद्धानंतर चळवळीत फूट पडली असता स्टॅन्टन आणि सुझन अँथनी यांनी १८४८ च्या परिषदेला आरंभबिंदूचे स्थान देणारी मांडणी घडविली. अँथनी स्वतः या परिषदेला उपस्थित नव्हत्या, ही बाब येथे लक्षणीय आहे.

या कथेत काही मोठ्या अनुपस्थिती आहेत. परिषदेला एकही कृष्णवर्णीय स्त्री उपस्थित असल्याची नोंद नाही. कृष्णवर्णीयांपैकी केवळ डग्लस यांची उपस्थिती ज्ञात आहे. हे गाव ज्या भूमीवर वसले ती मूलतः हॉदनोशोनी संघातील कायुगा जमातीची होती. या संघातील स्त्रियांना प्रमुखांची निवड करण्याचा व त्यांना पदच्युत करण्याचा परंपरागत अधिकार होता. ल्युक्रेशिया मॉट यांनी १८४८ च्या उन्हाळ्यात, परिषदेपूर्वी, सेनेका जमातीच्या वस्तीला भेट दिली होती. अर्थात, जेथे काही स्त्रियांनी हक्क मागितले, त्याच प्रदेशात इतर काही स्त्रियांकडे ते पूर्वापार होते. जतन केलेल्या वास्तूने ही गुंतागुंत सांगितली नाही, तर ती इतिहासाचे नव्हे, केवळ गौरवाचे साधन ठरते.

महाराष्ट्राशी असलेला संबंध

या परिषदेच्या स्मृतीशी महाराष्ट्राचा प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. परिषदेच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त मार्च १८८८ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरविण्यात आली. त्या वेळी अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाई तीत सहभागी झाल्या होत्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकन स्त्रियांच्या स्थितीचा व संघटनांचा परिचय मराठी वाचकांना करून दिला. त्यापूर्वी १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्प्रवृत्त लोकांना अर्पण केला होता. गुलामगिरीच्या विरोधातून जन्मलेल्या आणि स्त्रीहक्कांच्या परिषदेला आश्रय देणाऱ्या या लहानशा मंदिरात ज्या दोन प्रवाहांचा संगम झाला, तेच दोन प्रवाह मराठी सुधारणाविचारालाही स्पर्श करून गेले.

सेनेका फॉल्सची परिषद ज्या वर्षी भरली, त्याच १८४८ मध्ये पुण्यातील बुधवार पेठेतील भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. हा केवळ कालयोग आहे. परंतु दोन्ही वास्तूंच्या नंतरच्या वाटचालीतील साम्य दुर्लक्षिता येत नाही. तेथेही जागा दुसऱ्याची होती, शाळा पुढे गेली, वाड्यात दुकाने आली, मालकी व ताब्याचे प्रश्न निर्माण झाले आणि प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात राहिले. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पुणे महानगरपालिकेच्या बाजूने लागल्यानंतर डिसेंबर २०२३ च्या आरंभी मोडकळीस आलेला वाडा उतरविण्यात आला. त्या जागी राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरलेले होते.

दोन्हीकडे समाजाला जाग उशिराच आली. सेनेका फॉल्स येथे निदान दोन भिंतींचे तुकडे हाती लागले. पुण्यात जागा तेवढी राहिली. स्मारक भव्य होऊ शकते, माहितीपूर्णही होऊ शकते. परंतु ज्या भिंतींच्या आत सामाजिक रोष पत्करून मुली अक्षरे गिरवीत होत्या, त्या भिंतींची साक्ष स्मारक देऊ शकत नाही.

समारोप

वेस्लियन उपासनामंदिराच्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. सुधारणेच्या वास्तूचे मूल्य तिच्या सौंदर्यात किंवा अखंडतेत नसून तिच्यात घडलेल्या कृतीत असते. म्हणून अशा वास्तूंसाठी स्थापत्यसौंदर्याचा निकष अपुरा पडतो. स्मृतिफलक ही जतनाची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. वास्तूत बदल करण्यापूर्वी किंवा ती उतरविण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे, मालकीची कागदपत्रे आणि स्थानिकांच्या आठवणी यांची नोंद होणे अत्यावश्यक आहे, कारण पुढील प्रत्येक निर्णय याच नोंदींवर अवलंबून असतो. जतनाची पद्धत एकदाच ठरवून भागत नाही. १९९३ चा निर्णय २०११ मध्ये बदलावा लागला, यात अपयशापेक्षा पुनर्विचाराची तयारी अधिक दिसते.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सत्यशोधक चळवळीच्या सभा, वसतिगृहे, रात्रशाळा आणि मिशनऱ्यांच्या व सुधारकांच्या शाळा ज्या जागांत भरल्या, त्यांपैकी अनेक जागा आज सामान्य घरे, गोदामे किंवा पडक्या भिंती या स्वरूपात आहेत. त्यांची सूची करणे हे काम मोठ्या निधीवाचूनही होऊ शकते. स्थानिक महाविद्यालयांतील इतिहास विभाग, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि ग्रामपंचायतीचे दप्तर यांच्या साहाय्याने त्याचा प्रारंभ करता येईल. भिंती उभ्या आहेत तोवर केलेली नोंद आणि त्या पडल्यावर उभारलेले स्मारक यांत पहिलीचे मोल अधिक आहे. आणि ती करण्याची मुदत दरवर्षी कमी होत आहे.